पाच प्रश्नांत अर्धशिशीचा हिशेब : ‘मिडास’ प्रश्नावलीचे परीक्षण

अर्धशिशीने, म्हणजे मायग्रेनने, आपले किती दिवस खाल्ले, हे मोजण्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट जी साधने वापरतात, त्यांत ‘मिडास’ (मायग्रेन डिसॅबिलिटी असेसमेंट) ही जेमतेम एका पानाची प्रश्नावली विशेष प्रचलित आहे. रिचर्ड लिप्टन आणि वॉल्टर स्टुअर्ट या अमेरिकी संशोधकांचे नाव तिच्याशी जोडलेले असून १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरात आहे. डॉक्टरांनी ती हाती दिल्यापासून मी ती नियमाने भरत आले आहे, आणि बँकेच्या शाखेत दिवसभर आकड्यांतच वावरत असल्यामुळे तिचा हिशेब कुठे जुळतो व कुठे जुळत नाही, याबद्दल माझे ठाम मत झाले आहे.

प्रश्न पाचच आहेत. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस कामावर जाता आले नाही, किती दिवस कामावर असूनही काम निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, हेच दोन प्रश्न घरकामाविषयी, आणि शेवटी किती दिवस घरचे कार्यक्रम, गाठीभेटी किंवा विरंगुळा बुडाला. या दिवसांची बेरीज ५ पर्यंत असेल तर त्रास नगण्य, ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम आणि २१ पासून पुढे तीव्र मानला जातो.

या साऱ्यात दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे. मस्टरवर सही असते, त्यामुळे साहेबांच्या लेखी मी हजर असते. पण डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला की व्हाउचरवरचा खाते क्रमांक पुन्हा पुन्हा वाचूनही मनात टिकत नाही, ट्यूबलाइटचा उजेड टोचू लागतो, आणि एरवी सहज लागणारा दिवसअखेरचा ताळा लागता लागत नाही. बहुतेक नोकरदार रुग्ण झटका आला तरी कामावर जातातच, म्हणून अर्धशिशीने होणारे नुकसान रजेच्या नोंदीत फार थोडे उमटते. त्या नुकसानीला स्वतंत्र रकाना देणे, ही या प्रश्नावलीची खरी कमाई होय. माझी रजा फारशी खर्ची पडलेली नसतानाही बेरीज तीव्र श्रेणीत गेली, ती याच रकान्यामुळे.

घरकामाचे प्रश्न मात्र आपल्याकडे फसतात. ‘किती दिवस घरकाम झाले नाही’ असे विचारल्यावर आपल्याकडच्या बहुतेक बायका शून्य लिहितील, कारण कपाळाला ओढणी घट्ट बांधून, फोडणीच्या वासाने पोटात ढवळत असतानाही डबे वेळेवर भरले गेलेले असतात. पुढच्या प्रश्नात हा दिवस ‘निम्मे काम’ म्हणून धरावा, तर कामही पुरतेच झालेले असते. त्याची किंमत शरीराने मोजली, हे कागदाला कळत नाही. अशा घरात मिडासचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच येणार, हे डॉक्टरांनी गृहीत धरायला हवे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. डोके एकूण किती दिवस दुखले आणि दहापैकी किती तीव्रतेने दुखले, हे या कागदावर विचारले जाते खरे, पण ते बेरजेत धरले जात नाही. वास्तविक उपचाराची दिशा बऱ्याच अंशी या वारंवारतेवरच ठरते. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतील, तर त्या दुखण्याला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात. महिन्यातून चारदा आडवी पडणारी आणि पंधरा दिवस दुखणे अंगावर काढणारी, अशा दोघींची बेरीज सारखी येऊ शकते. त्यांचे आजारपण मात्र सारखे नसते. शिवाय दुखणे वारंवार येऊ लागले की मधले बरे दिवसही निर्धास्त राहत नाहीत. लग्नाचे आमंत्रण स्वीकारताना, बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरताना, चतुर्थीचा उपास धरताना त्या दिवशी डोके उठले तर काय, हा विचार आधी येतो. या धास्तीसाठी पाचांपैकी एकही प्रश्न नाही.

गोळ्यांबद्दलही विचारणा नाही, आणि ही त्रुटी गंभीर आहे. साधे पॅरासिटामॉल महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा अर्धशिशीचा झटका थांबवणारे ट्रिप्टान गटातील औषध १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांच्या वर चालू राहिले, तर त्या औषधांमुळेच डोकेदुखी वाढण्याचा धोका असतो.

तीन महिने मागचे आठवून लिहिणे हीदेखील अवघडच गोष्ट आहे. पण त्यासाठी मला कोणतेही अ‍ॅप घ्यावे लागले नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी, दुखण्याच्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली तर तिच्याखाली एक टिंब, एवढ्यावर माझे काम भागते. (टिंबे फुल्यांच्या बरोबरीने वाढू लागली की समजावे, डॉक्टरांकडे जायची वेळ झाली.)

एवढ्या उणिवा असूनही ही प्रश्नावली भरावीच, असे माझे मत आहे, विशेषतः तपासणीच्या खोलीत दहा मिनिटेच मिळणार असतील तर. प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन यांसारखे प्रतिबंधक औषध लागू पडते की नाही, हे ठरवायला साधारणपणे दोन ते तीन महिने द्यावे लागतात, आणि मिडासची मुदतही तेवढीच आहे. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी भरलेला कागद जपून ठेवावा, त्याच्या मागच्या बाजूला गोळ्यांचे दिवस लिहावेत, आणि पुढच्या भेटीला तो व नव्याने भरलेला, असे दोन्ही कागद एकदमच टेबलावर ठेवावेत.