मनालीहून आलेली गाडी लेहमध्येच थांबते: पॅकेज घेताना होणारी फसवणूक

लेहच्या हॉटेलचं अंगण, सकाळचे आठ. नुब्राला निघायचं म्हणून बारा जण तयार होऊन बसलेत, आणि टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर टपावरची ताडपत्री सोडून बॅगा एकेक करून खाली ठेवतोय. ‘मेरा काम यहीं तक था,’ एवढंच तो सांगतो. पुण्या-ठाण्याहून मनालीमार्गे लडाखला जाणाऱ्या कितीतरी ग्रुपना आपण फसलोय हे इथे येऊन कळतं.

यात ड्रायव्हरची चूक नसते. बाहेरच्या राज्यातली टॅक्सी प्रवाशांना लेहपर्यंत सोडू शकते आणि लेहहून परत नेऊ शकते. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी ही ठिकाणं मात्र लडाखच्या स्थानिक गाडीनेच करावी लागतात. तिथल्या टॅक्सी संघटनेचं गाडीच्या प्रकारानुसार छापील दरपत्रक असतं, आणि बाहेरची गाडी दिसली तर संघटनेची माणसं ती वाटेत अडवतात. तिथला हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा आणि त्यावरच वर्षाचं पोट, तेव्हा त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे.

फसवतो तो एजंट, कारण त्याला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक असतं. जाहिरातीत तो ‘मनाली ते मनाली, खासगी गाडी, सर्व साइटसीइंगसह’ असं लिहितो. व्हाउचरच्या शेवटी बारीक अक्षरात ‘गाडी लेहपर्यंत’ असतं, किंवा तेही नसतं. अंगणातून फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘तुम्ही तिथे भरून टाका, आल्यावर ॲडजस्ट करू.’ ते ॲडजस्ट कधीच होत नाही. बारा माणसांना तीन दिवस लागणाऱ्या स्थानिक गाड्यांचं भाडं हजारोंच्या घरात जातं, आणि एवढ्या लांब आल्यावर पँगाँग न बघता परत फिरायला कुणाचं मन धजावत नाही. एजंटचा हिशोब याच्यावरच असतो. त्यातून महाराष्ट्रातली प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून निम्म्या लोकांना त्याला फोनही लावता येत नाही. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे तरी पोस्टपेड हवंच.

पैसे देण्याआधी एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: लेहच्या पुढच्या प्रत्येक दिवशी गाडी कोणती, तिचं भाडं कोण भरणार आणि ते या रकमेत धरलंय का? उत्तर व्हॉट्सॲपवर आलं पाहिजे, फोनवरचं धरू नका. ‘सब इन्क्लुडेड है’ हे उत्तर नव्हे. ‘दिवस 5 ते 7, लडाख नंबरची गाडी, भाडं पॅकेजमध्ये’ हे उत्तर. स्वस्तात मिळते म्हणून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. ते बेकायदा आहे, गाडी जप्त होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी कायदेशीर असते, पण बाहेरून आणलेली तशी गाडी लेहपुढे अडवतात. मनालीतून भाड्याने घेतलेल्या बाइकचंही तेच. बाइक हवी तर लेहमध्येच घ्या.

दर पाडण्यासाठी एक दिवस कापतात, तो प्रकार याहून वाईट, कारण तो अंगावर येतो. मनाली 2,050 मीटरवर. पहिला मुक्काम जिस्पाला, सुमारे 3,200 मीटरवर, असेल तर शरीर विरळ हवेला सरावतं. स्वस्त पॅकेज जिस्पा गाळून थेट सरचूच्या तंबूत झोपवतं, म्हणजे एका दिवसात सुमारे 4,300 मीटरवर. रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर खाली उतरणं हाच खरा इलाज. पण सरचूच्या एका बाजूला बारालाचा ला, दुसरीकडे लाचुंग ला. दोन्ही खिंडी सरचूहून उंच. उतरण्यासाठी आधी चढावं लागतं. विमानाने थेट लेहला (3,500 मीटर) जाणाऱ्यांना दुसऱ्याच दिवशी 5,300 मीटरपेक्षा उंच खारदुंग ला दाखवणारं वेळापत्रक तर पाहताक्षणी नाकारा. लेहमध्ये पहिले दोन दिवस आरामाचेच हवेत.

परमिटच्या नावाखाली माणशी पैसे उकळतात. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीचं परमिट गाडीमागे असतं, माणशी नव्हे, आणि 2020 मध्ये खिंडीखालून सुरू झालेल्या अटल बोगद्यातून जाणाऱ्याला ते लागतच नाही. नुब्रा-पँगाँगसाठी भारतीयांची इनर लाइन परमिटची (सीमाभागात जाण्याच्या परवान्याची) अट ऑगस्ट 2021 मध्ये काढली गेली. पर्यावरण शुल्क असतं, ते स्वतः ऑनलाइन भरून पावती घेता येते.

ॲडव्हान्सचं म्हणाल तर यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव वाचा. कंपनीच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. एजंटचा 15 अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव आणि नोंदणी चालू आहे का ते पाहा. महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते. एकरकमी भरू नका. बुकिंगला पाव रक्कम पुरे, बाकीची हॉटेलांची खात्री झाल्यावर. त्यासाठी हॉटेलला स्वतः फोन लावा, आणि नंबर एजंटने दिलेला नको, आपण शोधलेला. ‘बुकिंग आहे का’ एवढंच विचारू नका, ‘पैसे आलेत का’ हेही विचारा. एजंट खोल्या नुसत्या होल्डवर ठेवतात, पैसे भरत नाहीत, आणि हॉटेल त्या दुसऱ्याला देऊन टाकतं. निघण्याच्या चार दिवस आधी पुन्हा एकदा विचारा.

पैसे घेऊन माणूस गायब झाला तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. पैसे काढून घेतले जाण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येतात. एजंट जागेवरच आहे, पण गाडी दिली नाही, तर ती ग्राहक तक्रार होते: आधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे ग्राहक आयोग. तिथे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हाउचर आणि एजंटचे मेसेज लागतील. लेहमध्ये पदरचे पैसे घालून जी गाडी केली, तिची गाडी नंबर आणि तारखेसह पावतीही लागेल; ती निघण्याआधी तिथल्या तिथे लिहून घ्या.