वयस्क आई-वडिलांसह कोल्हापुरात उतरताना : देवळाजवळचे लॉज की स्टेशन रोडचे हॉटेल?

“आईला अंबाबाईचे दर्शन घडवायचे आहे, परवडेल असे कुठे उतरू?” हा प्रश्न कोल्हापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला बाहेरगावचे नातेवाईक विचारतात आणि बहुतेक जण सवयीने उत्तर देतात की देवळाजवळच बघा, म्हणजे चालावे लागणार नाही. पंचविशीतल्या मुलांसाठी हे उत्तर ठीक आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते किंवा ज्यांना दुपारी तासभर आडवे झाल्याशिवाय संध्याकाळ काढता येत नाही, अशा माणसासोबत येणाऱ्याने मात्र देवळापासूनच्या अंतराआधी रस्त्यापासून पलंगापर्यंतच्या पायऱ्या मोजाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्त आणि मध्यम भाड्याच्या खोल्या शहरात मुख्यतः दोन पट्ट्यांत मिळतात. पहिला पट्टा महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड आणि भवानी मंडप यांच्या आसपासचा, म्हणजे देवळाला लागून असलेला. दुसरा पट्टा रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक, दाभोळकर कॉर्नर आणि शाहूपुरी असा पसरलेला आहे. तो देवळापासून अडीच-तीन किलोमीटरवर पडतो. रंकाळा, राजारामपुरी आणि ताराबाई पार्क हे पर्यायही आहेत, पण ते विशिष्ट गरजेपुरतेच विचारात घ्यावेत.

देवळाचा परिसर

या परिसराची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आईला पहाटेची काकड आरती चुकवायची नसेल तर अंधारात रिक्षा शोधत बसण्यापेक्षा पाच मिनिटांत देवळात पोहोचणे केव्हाही बरे. रांगेत थकवा आला, चक्कर आल्यासारखे वाटले किंवा नुसते पाणी प्यावेसे वाटले तरी खोली हाकेच्या अंतरावर असते, आणि एक जण रांगेत उभा असताना दुसऱ्याने आईला खोलीवर नेऊन परत आणणे शक्य होते. साधे शाकाहारी जेवण देणाऱ्या खाणावळी आसपास आहेत. भक्तनिवास आणि धर्मशाळा याच भागात असल्याने शहरातील सर्वांत कमी भाड्याच्या खोल्याही इथेच सापडतात.

अडचण इमारतींची आहे. हा कोल्हापूरचा जुना भाग असल्याने गल्ल्या अरुंद आणि जागा लहान आहेत, आणि अनेक लॉज जुन्या घरांत वाढीव मजले चढवून झालेले आहेत. तळमजल्यावर दुकान, बाजूने चिंचोळा जिना, पहिल्या मजल्यावर काउंटर आणि त्यावर खोल्या अशी रचना सर्रास दिसते. त्यामुळे फोनवर “खालचीच खोली देतो” असे सांगितले गेले तरी ती पहिल्या मजल्यावरची असू शकते. एका मजल्याच्या वीस-एकवीस पायऱ्या धरल्या आणि खोली दुसऱ्या मजल्यावर असली, तर पहाटेचे दर्शन, दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे फिरणे अशा तीन फेऱ्यांत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या आणि तेवढ्याच उतराव्या लागतात. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते, हे वयस्क माणसासोबत राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय अशा जिन्यांना अनेकदा एकाच बाजूला कठडा असतो.

लिफ्ट आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. आमच्या मावशी आल्या तेव्हा भाच्याने लिफ्ट असल्याची खात्री करूनच खोली ठरवली होती. लिफ्ट होतीही. मात्र रस्त्यापासून काउंटरपर्यंत सात उंच पायऱ्या होत्या, लिफ्ट त्या पायऱ्यांनंतर सुरू होत होती आणि ती दोन मजल्यांच्या मधल्या चौथऱ्यावर थांबत असल्याने वर पोहोचल्यावर पुन्हा पाच-सहा पायऱ्या उरत होत्या. मावशींनी तक्रार केली नाही, पण दुपारी जेवायला खाली उतरण्याऐवजी त्या खोलीतच केळी खाऊन राहिल्या. वयस्क माणसे त्रास बोलून दाखवत नाहीत, फक्त बाहेर पडणे कमी करतात. ज्या प्रवासाची त्यांनी वर्षभर वाट पाहिली, त्यातला अर्धा भाग असा खोलीत जातो, याचे मला फार वाईट वाटते.

गर्दीच्या दिवसांत या भागाचा हिशेब पूर्ण बदलतो. नवरात्रात, मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाच्या काळात (३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर), चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास आणि एरवी मंगळवारी, शुक्रवारी व जोडून आलेल्या सुट्ट्यांत भाडी चढतात, खोल्या संपतात आणि देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद किंवा तुंबलेले असतात. अशा वेळी गाडी बिंदू चौकाच्या बाजूला लावून, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने आईला धरून गर्दीतून लॉज गाठावे लागते. ध्वनिक्षेपक आणि बाजाराची गजबज रात्री उशिरापर्यंत चालते, त्यामुळे झोप सावध असणाऱ्यांचे हाल होतात.

भक्तनिवासांबद्दल थोडे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ज्यांचे वडील धडधाकट आहेत, पहाटे लवकर उठणारे आहेत आणि साधेपणाची सवय असलेले आहेत, त्यांच्यासाठी काहीशे रुपयांत मिळणारी भक्तनिवासातील खोली हा चांगला पर्याय आहे आणि तिथले वातावरणही ज्येष्ठांना आपलेसे वाटते. मात्र स्वच्छतागृह खोलीला जोडून आहे की सामाईक, रात्री मुख्य दार किती वाजता बंद होते, खोली आधी राखून ठेवता येते की आल्यावर मिळेल तीच घ्यावी लागते, हे प्रश्न आधी विचारावेत. स्वच्छतागृह सामाईक असेल आणि वडिलांना रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी तो पर्याय सोडून द्यावा.

स्टेशन रोड आणि शाहूपुरी

इथल्या इमारती तुलनेने नव्या आणि रुंद आहेत, हॉटेल म्हणूनच बांधलेल्या अनेक आहेत, आणि त्यामुळे लिफ्ट, गाडी दारापर्यंत येण्याची सोय, कमोड आणि वीज गेल्यावर जनरेटर या चार गोष्टी मध्यम भाड्यात एकत्र मिळण्याची शक्यता इथे जास्त असते. साधारण दीड ते अडीच हजार रुपयांत दोघा-तिघांची बरी खोली मिळू शकते. देवळाजवळचे लॉज हजाराच्या आतबाहेर मिळाले, तर फरक दिवसाला पाचशे ते दीड हजार रुपयांचा पडतो. त्यात देवळापर्यंत जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च मिळवला म्हणजे स्टेशन रोड महाग पडतो, हे खरे आहे. तरीही गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसासाठी हेच पैसे सत्कारणी लागतात असे मी म्हणेन. देवळात दिवसातून एकदा, फार तर दोनदा जाणे होते. पलंगाशी, न्हाणीघराशी आणि जिन्याशी मात्र चोवीस तास गाठ असते.

या भागाचा दुसरा फायदा एसटीने फिरणाऱ्यांना आहे. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे तिकीट लागते. त्यामुळे नृसिंहवाडीला जाऊन यायचे असेल तर मध्यवर्ती बसस्थानकाजवळ उतरल्याने आईला गाडीत सहज चढवता येते आणि खर्चही वाचतो. वयाच्या पुराव्यासाठी आईचे आधार कार्ड जवळ ठेवावे, ते हॉटेलच्या नोंदवहीसाठीही लागतेच. जोतिबाला जाताना एवढे ध्यानात ठेवावे की डोंगरावर गाडीतून उतरल्यानंतरही देवळापर्यंत पायऱ्या आहेत, त्यामुळे तो बेत आणि अंबाबाईचे दर्शन एकाच दिवशी बसवू नये.

इथलीही एक उणीव सांगणे आवश्यक आहे. बसस्थानकासमोरच्या खोल्यांत हॉर्नचा आवाज रात्रभर येतो, म्हणून रस्त्याकडची खोली नाकारून मागच्या बाजूची मागावी, आणि ती अगदी कोंदट नाही ना हे खिडकी उघडून पाहावे. पावसाळ्यात आणखी काळजी घ्यावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरीच्या सखल भागांत पाणी शिरले होते आणि पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी वाढत असल्याच्या बातम्या असतील, तर वयस्क माणसाला घेऊन येण्याचा बेत पुढे ढकलावा. निघणे टळत नसेल तर राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात उतरावे.

बाकीचे पर्याय

रंकाळ्याच्या बाजूला देवळाच्या मानाने शांतता आहे आणि अंतरही फार नाही. दोन-तीन दिवस निवांत राहायचे असेल, आणि वडिलांना सकाळ-संध्याकाळ सपाट जागेवर फिरण्याची सवय असेल, तर हा भाग त्यांना मानवेल. ताराबाई पार्क शांत आणि नीटनेटका आहे, पण कमी भाड्याच्या खोल्या तिथे कमी आहेत. दर्शनाऐवजी दवाखान्याच्या कामासाठी कोकणातून किंवा सीमाभागातून येणाऱ्यांनी राजारामपुरीचा विचार आधी करावा, कारण डॉक्टरांचे दवाखाने आणि रुग्णालये त्या भागात बरीच आहेत आणि तपासणी दोन वेळा असली तरी मध्ये खोलीवर परत येता येते. महामार्गालगतची हॉटेले स्वतःची गाडी असणाऱ्यांनाच सोयीची पडतात.

खोलीच्या आत काय पाहावे

बुकिंगच्या अॅपवरची छायाचित्रे पलंग आणि पडदे दाखवतात. वयस्क माणसाचा प्रश्न न्हाणीघरात असतो. जुन्या लॉजमध्ये खोलीला जोडून न्हाणीघर मागाहून केलेले असले की नळकामासाठी त्याची जमीन खोलीपेक्षा उंच घेतलेली असते आणि आत जाताना सहा-आठ इंचांची पायरी चढावी लागते. रात्री अर्धवट झोपेत बाहेर येताना नेमकी हीच पायरी घात करते. गुळगुळीत फरशी, भिंतीला आधाराची दांडी नसणे आणि दिव्याचे बटण दाराबाहेर दूर असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर ती खोली घेऊ नये. कमोड आहे का, असा प्रश्न विचारताना “इंग्लिश संडास” असा शब्द वापरला तर काउंटरवरच्या माणसाला लगेच कळते. स्नानासाठी प्लास्टिकचे मजबूत स्टूल मिळेल का, हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी ते आनंदाने देतात, फक्त आपण विचारत नाही.

गरम पाणी किती वाजता येते, हा कोल्हापुरात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण दर्शनाला निघायचे ते पहाटे. सौर बंबाचे पाणी असेल तर पावसाळी दिवसांत पहाटे ते कोमट असते, आणि काही ठिकाणी गिझर ठरावीक वेळेतच सुरू ठेवतात. पलंग फार बुटका असेल तर गुडघेदुखीच्या माणसाला त्यावरून उठता येत नाही, तेव्हा जादा गादी जमिनीवर टाकायची असेल तर तिथे आपण झोपावे, हे ओघाने आलेच.

हे सगळे फोनवर विचारताना “लिफ्ट आहे का” असे न विचारता “रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्टमधून उतरल्यावर खोलीपर्यंत किती आहेत” असे विचारावे, म्हणजे समोरच्याला “हो” म्हणून मोकळे होता येत नाही. शक्य असल्यास प्रवेशद्वाराचे आणि न्हाणीघराचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर मागवावे. सांगितलेले भाडे करासह आहे की कराविना, तेही त्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे.

कोणाला काय योग्य

आई जिना चढू शकत असेल, तिला पहाटेच्या आरतीची ओढ असेल आणि मुक्काम आडवारी एका रात्रीचा असेल, तर देवळाजवळच उतरावे. गुडघे, श्वास किंवा तोल यांपैकी कशाचीही तक्रार असेल, तर स्टेशन रोड किंवा शाहूपुरीत लिफ्टचे हॉटेल घ्यावे, सकाळी लवकर रिक्षाने देवळात जावे आणि रांग लांब दिसल्यास मुखदर्शनावर समाधान मानायला आईला आधीच तयार करावे. दुपारच्या उन्हात देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी उभे राहणे अशा ज्येष्ठांना सोसत नाही, म्हणून दुपारची वेळ टाळावी. सणाच्या दिवसांत तर कोणत्याही प्रकृतीच्या ज्येष्ठासाठी मी स्टेशन रोडच सुचवेन.

शेवटचा हिशेब वेळेचा आहे आणि भाड्यातला मोठा फरक बहुधा त्यातच पडतो. मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने येणारा माणूस सकाळीच कोल्हापुरात उतरतो आणि रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या आईला तेव्हाच पाठ टेकायला खोली हवी असते. काही लॉजचा दिवस आल्यापासून चोवीस तासांचा असतो, तर काही हॉटेलांचा दुपारी बाराला सुरू होऊन बारालाच संपतो. बारा वाजताच्या हॉटेलात पंधराशे रुपयांची खोली सकाळी सातला घेताना निम्मे भाडे जादा मागितले, तर ती पहिल्याच दिवशी साडेबावीसशेला पडते आणि चोवीस तासांच्या हिशेबाने अठराशेला मिळणारी खोली तिच्यापेक्षा स्वस्त ठरते. परतीची गाडीही रात्रीची असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईला कुठे बसवायचे हा प्रश्न उरतोच. सामान काउंटरवर ठेवता येते, आईला तसे ठेवता येत नाही. म्हणून खोली ठरवतानाच संध्याकाळी सात वाजेपर्यंत ती ठेवण्याचे किती पडतील हे विचारून घ्यावे आणि ठरलेला आकडा संदेशात लिहून मागावा.