फोर्टिफाइड वाइनसोबत आठ महिने: बाटली उघडल्यानंतर काय होते

आठ महिन्यांपूर्वी मी पाच बाटल्या घेतल्या: फिनो शेरी, ओलोरोसो शेरी, लेट बॉटल्ड व्हिंटेज पोर्ट, १० वर्षांची टॉनी पोर्ट आणि व्हर्देल्यो द्राक्षांची मदेरा. प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवली आणि दर वेळी ६० मिलीलिटर ओतून चव वहीत टिपत गेलो. अल्कोहोल जास्त असल्यामुळे या वाइन उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकतात, असे मी नेहमी ऐकत आलो होतो. ते अर्धेच खरे निघाले. उघडलेली बाटली किती दिवस टिकेल, हे ती वाइन पिंपात असताना हवेशी किती झगडली आहे यावर अधिक अवलंबून असते, आणि हे मला फिनोने पहिल्याच महिन्यात शिकवले.

फोर्टिफाइड वाइन म्हणजे द्राक्षांपासूनच काढलेले स्पिरिट मिसळून तीव्रता वाढवलेली वाइन. हे स्पिरिट केव्हा घालतात, यावर सगळे ठरते. रस आंबत असतानाच घातले, तर यीस्ट मरते आणि न आंबलेली साखर वाइनमध्ये गोडवा होऊन उरते. आंबण्याची क्रिया पूर्ण झाल्यावर घातले, तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली राहते. पोर्ट पहिल्या मार्गाने जाते, शेरी बहुतांशी दुसऱ्या.

फिनो दक्षिण स्पेनमधील हेरेझ दे ला फ्रॉन्तेरा आणि आसपासच्या गावांची. तिथल्या पांढऱ्या, चुनखडीयुक्त जमिनीत पालोमिनो द्राक्षे पिकतात. त्यांचा रस पूर्ण आंबवून ११-१२ टक्के अल्कोहोलची वाइन तयार झाली की स्पिरिट घालून ती साधारण १५ टक्क्यांवर आणतात आणि ६०० लिटरच्या पिंपात सुमारे पाच-षष्ठांशच भरतात. मोकळ्या जागेतल्या हवेमुळे वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरट थर सायीसारखा धरतो. त्याला ‘फ्लोर’ म्हणतात. हा थर वाइनमधील ग्लिसरॉल आणि थोडे अल्कोहोलही खातो, त्यामुळे फिनो जिभेला इतकी हलकी आणि खडखडीत कोरडी लागते. आणि हाच थर खालच्या वाइनला हवा लागू देत नाही. म्हणजे फिनोचे सारे आयुष्य पांघरुणाखाली जाते, आणि बाटलीत ते पांघरूण नसते.

माझ्या वहीत पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘कच्च्या बदामाचा वास, ओल्या पिठासारखी झाक, शेवटी खारटपणाचा भास, फार टवटवीत.’ चौथ्या दिवशी वास मंदावला होता, पण वाइन चांगली होती. त्यानंतर मी ती बाटली फ्रिजच्या दारात विसरलो. तीन आठवड्यांनी ओतली तेव्हा रंग गडद झाला होता, सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसा वास येत होता आणि चवीत काहीच धार उरली नव्हती. वाइन खराब झाली नव्हती, निर्जीव झाली होती. तेव्हापासून मी फिनोची ३७५ मिलीलिटरची अर्धी बाटलीच घेतो, नीट गार करतो आणि तीन-चार दिवसांत संपवतो. फिनो खूप वापरून पाहूनही आवडली नाही असे सांगणाऱ्या अनेकांनी ती मरगळलेलीच चाखली असावी, असे मला मनापासून वाटते.

ओलोरोसोची गोष्ट उलटी आहे. तीच द्राक्षे, तेच गाव. पण ही वाइन १७ टक्के किंवा त्याहून वर नेतात. तिथे फ्लोर तगत नाही, त्यामुळे वाइन वर्षानुवर्षे हवेच्या सान्निध्यात मुरत जाते, पिंपातून पाणी हळूहळू उडते आणि वाइन घट्ट, तपकिरी होते. अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल आणि जुन्या लाकडाचा वास येतो. वास गोडसर असल्यामुळे पहिल्या घोटाला मी गोडीची अपेक्षा ठेवली आणि जीभ एकदम कोरडी झाली. खरी ओलोरोसो कोरडीच असते. उघडल्यावर दोन महिने तिच्यात मला फारसा फरक जाणवला नाही.

शेरीच्या लेबलावर बहुधा द्राक्षांच्या पिकाचे वर्ष नसते, त्याचे कारण सोलेरा पद्धत. पिंपांच्या सर्वांत जुन्या गटातून थोडीच वाइन काढून बाटलीत भरतात, तेवढी जागा त्याहून तरुण गटातल्या वाइनने भरून काढतात, त्या गटात आणखी तरुण वाइन येते, आणि पिंप कधीही पुरते रिकामे होत नाही. त्यामुळे प्रत्येक बाटलीत अनेक वर्षांची वाइन मिसळलेली असते.

पोर्ट उत्तर पोर्तुगालमधील दोरू खोऱ्यातली; त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखून दिली गेली. रस दोन-तीन दिवसच आंबवतात आणि साधारण निम्मी साखर शिल्लक असताना चार भाग रसाला एक भाग या हिशेबाने सुमारे ७७ टक्क्यांचे स्पिरिट घालतात. वाइन १९ ते २२ टक्क्यांवर स्थिरावते आणि लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर राहते. इतक्या थोड्या वेळात सालींतून रंग आणि तुरटपणा उतरवायचा असल्यामुळे आजही काही ठिकाणी ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत द्राक्षे पायांनी तुडवतात.

माझ्या दोन पोर्ट एकाच घराण्यातल्या असूनही अगदी वेगळ्या वागल्या. लेट बॉटल्ड व्हिंटेज एकाच वर्षाच्या द्राक्षांची असते आणि ४ ते ६ वर्षे लाकडात राहून बाटलीत येते; रंग जवळजवळ काळा, चव पिकलेल्या गर्द फळांची. माझी बाटली न गाळलेली होती हे मी लेबलावर वाचलेच नाही. आडवी ठेवलेली बाटली तशीच उचलून ओतली, आणि पेल्यात कॉफीच्या चोथ्यासारखा साका उतरला. त्याच पोर्टची दुसरी बाटली मी एक दिवस उभी ठेवली, मानेखाली दिवा धरून एका धारेत दुसऱ्या भांड्यात ओतली आणि साका मानेशी आल्याबरोबर थांबलो. ही खटपट पूर्णपणे सार्थकी लागली. उघडल्यापासून दोन आठवडे ती उत्तम होती, चौथ्या आठवड्यात फळांची चव विझून नुसती गोडी उरली.

टॉनी मात्र लहान पिंपांत वर्षानुवर्षे हवा घेत मुरते, तिचा लाल रंग विटकरी होतो आणि फळांच्या जागी सुकामेवा व कॅरॅमल येते. ‘१० वर्षे’ हा आकडा प्रत्येक थेंबाचे वय सांगत नाही. वेगवेगळ्या वयांच्या वाइनच्या मिश्रणाचा तो स्वभाव असतो. फ्रिजमध्ये ती दीड महिना छान टिकली. व्हिंटेज पोर्ट मी जाणूनबुजून घेतली नाही, कारण ती बाटलीत दशकानुदशके मुरवायची आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवायची वाइन आहे. एकट्याने थोडी थोडी पिणाऱ्याच्या ती कामाची नाही.

पिण्याबाबत दोन गोष्टी अनुभवाने पक्क्या झाल्या. काठोकाठ भरलेला चिमुकला पेला निरुपयोगी आहे. वर निमुळता होणारा पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरला, तर वास गोळा होतो. दुसरे म्हणजे तापमान: फिनो ७ ते ९ अंशांवर, टॉनी १२ ते १४ अंशांवर. टॉनी कोमट झाली की स्पिरिटच नाकात शिरते. प्रमाणाचा हिशेबही ठेवावा: २० टक्क्यांच्या पोर्टचे ९० मिलीलिटर आणि १२ टक्क्यांच्या साध्या वाइनचे १५० मिलीलिटर यांत शुद्ध अल्कोहोल सारखेच, १८ मिलीलिटर भरते.

राहिली मदेरा. पूर्वी पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची पिंपे जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून जात आणि त्या उकाड्यात वाइन नासण्याऐवजी सुधारते, हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले. आज तोच परिणाम साधण्यासाठी काही वाइन ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने टाक्यांत तापवतात, तर चांगल्या प्रतीची वाइन पिंपांत, उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर वर्षानुवर्षे ठेवतात. उष्णता आणि हवा, दोन्ही तिने आधीच पचवलेल्या असतात आणि वर तिची आंबट धार गोडीला जड होऊ देत नाही. माझी बाटली फ्रिजबाहेर, कपाटात उभी होती. मागच्या आठवड्यात मी तशीच नवी बाटली आणून उघडली आणि घरच्यांना माझ्या पाठीमागे दोन पेले भरायला सांगितले. दोन्ही तीनतीनदा चाखले आणि त्यातला एक नवा म्हणून निवडला. तो आठ महिन्यांपूर्वी उघडलेल्या बाटलीतला निघाला.