फ्लीसचं ब्लँकेट: सुट्टीत दिवसभर लोळायला याच्याइतकं भारी काही नाही

परीक्षा संपल्यावर मला कुठे फिरायलाबिरायला जायचं नसतं, घरीच निवांत लोळत पडायचं असतं, आणि थंडीच्या सुट्टीत त्यासाठी फ्लीसचं, म्हणजे मऊ केसाळ पॉलिस्टरच्या कापडाचं, ब्लँकेट हवंच हवं. या सुट्टीतले बरेचसे दिवस मी त्यातच गुरफटून काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

रजई रात्री झोपायला मस्तच, पण दिवसा ती नको वाटते. जड असते, पुस्तक धरायला हात बाहेर काढला की खांद्याकडून गार हवा शिरते, आणि उठून दुसऱ्या खोलीत जायचं तर ती काय सोबत घेऊन फिरणार. फ्लीस खांद्यावरून घ्यायचं, पुढे दोन टोकं ओढून धरायची, बेडवरून सोफ्यावर, सोफ्यावरून खिडकीपाशी, ऊब आपल्यासोबत येते. लोकरीसारखं टोचत पण नाही. 1979 साली अमेरिकेतल्या माल्डन मिल्स नावाच्या कंपनीने हे पॉलिस्टरचं कापड बाजारात आणलं, लोकरीसारखी ऊब हवी पण वजन नको म्हणून, आणि खरंच ते जमलंय त्यांना.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे स्वतः गरम होत नाही. कापडाचे तंतू ब्रशने वर काढून मऊ केसाळ थर केलेला असतो, त्यात हवा अडकते आणि आपल्याच अंगाची ऊब आत राहते. त्यामुळे पाय आधीच बर्फ झालेले असतील तर आधी मोजे घाला, मग आत शिरा, नाहीतर बराच वेळ पाय गारच राहतात.

घेताना जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. 200 च्या खालचं मला पातळ वाटतं, 250 ते 300 मधलं घ्या. साइझमध्ये पण गंमत आहे, सोफ्यावर टाकायची छोटी ब्लँकेट्स फोटोत खूप गोड दिसतात पण उंच माणसाचं डोकं झाकलं की पाय उघडे, त्यापेक्षा सरळ सिंगल बेडचं घ्या. आणि अँटी-पिलिंग लिहिलेलं असेल तर उत्तम, नाहीतर जिथे जास्त घासलं जातं तिथे लवकर बारीक गोळे येतात.

आता न आवडलेल्या गोष्टी. हवा कोरडी असली की चटचट करंट बसतो, अंधारात पांघरूण झटकलं तर बारीक ठिणग्या पण दिसतात. त्रास नाही काही पण दचकायला होतं. आत कॉटनचे कपडे घातले की बरंच कमी होतं. दुसरं, सीरिज बघताना लॅपटॉप थेट ब्लँकेटवर ठेवू नका प्लीज, खालची हवा जायची जागा बंद होते आणि लॅपटॉप भयंकर तापतो, खाली एखादी पाटी किंवा जाड पुठ्ठ्याची वही ठेवा. हीटरच्या अगदी जवळ तर मुळीच बसू नका हे पांघरून, पॉलिस्टर आहे ते, पेटलं तर वितळून अंगाला चिकटतं.

धुणं सोपं आहे, गार पाणी, सौम्य सायकल, पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही म्हणून वाळतं पण पटकन. सॉफ्टनर टाळा, त्याचा थर बसून तंतू चिकटतात आणि फुगीरपणा जातो. इस्त्री अजिबात नाही. फक्त उगाच सारखं सारखं धुऊ नका, दर धुण्याला प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि हे मला मनापासून खटकतं. मी बाहेर झटकून हवेशीर जागी टाकते आणि खरंच मळलं तरच मशीनला लावते, तेही बाकीच्या कपड्यांसोबत मशीन पूर्ण भरून, कारण अर्ध्या रिकाम्या मशीनमध्ये तंतू जास्त सुटतात.