डायलचं बीपी मशीन, नऊ महिन्यांनी: काटा ठीक, स्क्रूने रडवलं

रोज दहा-बारा जणांचं बीपी, असा नऊ महिन्यांचा वापर झाला. मशीन हवा धरेना म्हणून दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या." हे पटण्यासारखं नाही. बहुतेक वेळा बिघाड हवा भरायच्या रबरी बल्बच्या तोंडाशी असलेल्या, हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असतो आणि तो सुटा मिळतो. तेवढ्यासाठी अख्खं मशीन टाकून देणं म्हणजे निव्वळ पैसे वाया.

आधी गळती शोधा. कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, काचेच्या भक्कम बाटलीभोवती गुंडाळा, व्हॉल्व्हचा स्क्रू बंद करून २०० पर्यंत हवा भरा आणि मिनिटभर काट्यावर नजर ठेवा. ४ मिमीपर्यंत (पाऱ्याचे मिमी, म्हणजे डायलवरचे आकडे) उतरला तर चालतं. जास्त उतरला तर बल्बकडची नळी दुमडून घट्ट दाबा. काटा थांबला तर दोष बल्बचा किंवा व्हॉल्व्हचा. उतरतच राहिला तर कफमधली रबरी पिशवी, डायलकडची नळी, नाहीतर जोड. हवा भरल्यावर बल्बच फुगून कडक होत असेल तर व्हॉल्व्हमधली एकमार्गी झडप हवा उलटी सोडतेय. दाबलेला बल्ब चपटाच राहिला तर मागची जाळी धुळीने तुंबलेली आहे. ती कोरड्या ब्रशने साफ होते. स्क्रूला तेल मात्र घालू नका, आतलं रबर खराब होतं.

पण गळतीपेक्षा घातक अडखळणारा स्क्रू. काटा सेकंदाला २ ते ३ मिमी उतरायला हवा. आटे झिजले की स्क्रू जरा फिरवून काहीच होत नाही, आणखी केसभर फिरवला की काटा धाडकन खाली. नाडी ६० असेल तर दोन ठोक्यांत एका सेकंदाचं अंतर. तेवढ्यात काटा १० मिमी घसरला, तर १४८ ला ऐकू यायचा ठोका १४० ला कानावर पडू शकतो. वरचा आकडा कमी येतो, खालचा जास्त. औषध वाढवायचं की नाही हे याच आकड्यांवर ठरतं, म्हणून एवढं लिहितोय.

सुरुवातीला दोष डायललाच दिला होता, कारण वरचा आकडा डिजिटल मशीनपेक्षा सतत कमी यायचा. व्हॉल्व्ह बदलल्यावर फरक जवळपास मिटला. डायलवरचा आरोप मागे. तरी काटा शून्यावर आहे एवढ्यावर विसंबू नका. काही डायलमध्ये शून्यापाशी अडवणारी खीळ असते, तिथे काटा बिघडूनही जागेवरच दिसतो. सहा महिन्यांनी वाय-जोड (एका नळीच्या दोन करणारा Y आकाराचा तुकडा) लावून खात्रीच्या मशीनशी ५०, १००, १५०, २०० ला ताडून बघा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर डायल दुरुस्तीला द्या.

कफ एकाच मापाचा मिळाला, ही कंजुषी खटकली. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी खोटं जास्त दाखवतो. आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी लांब हवी.

ठोके ऐकायच्या स्टेथोची तक्रार नाही. कानातली टोकं नाकाच्या दिशेला हवीत, आणि दुसऱ्या टोकाचं दोन बाजूंचं मुंडकं फिरवल्यावर पडद्यावर हलकी टिचकी मारून कुठली बाजू चालू आहे ते बघा. नळी गळ्यात उघड्या त्वचेवर ठेवली की तेलकटपणाने कडक होते, कॉलरवर ठेवा.

नवीन मशीन घेताना बाटलीची चाचणी दुकानातच करा. मग काटा १८० वरून १०० पर्यंत न अडखळता उतरवून बघा. साधारण अर्धा मिनिट लागायला हवा.