रताळ्याचं विषाणूमुक्त बेणं : जानेवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांना पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण रोपांचा नाही, विकणाऱ्याने न सांगितलेल्या गोष्टींचा आहे.

टिश्यू कल्चरची रोपं घेताना पहिला प्रश्न विचारायचा: मातृझाडाची विषाणू तपासणी झाली आहे का? प्रयोगशाळेत वाढलं म्हणजे विषाणूमुक्त झालं, असं नसतं. शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरहून लहान कोंब काढून वाढवावा लागतो. नंतर आयपोमिया सेटोसा या सूचक वेलीवर (विषाणू असला तर लक्षणं स्पष्ट दाखवणाऱ्या) कलम करून किंवा पीसीआर या जनुकीय चाचणीने खात्री करतात. हा कागद मिळत नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नयेत.

रोपं महाग, म्हणून ती थेट शेतात लावायची नसतात. त्यांचं बेणं, म्हणजे लावणीचे वेलाचे तुकडे, वाढवायचं. ६० बाय २० सेंटिमीटरवर एकराला साधारण ३३,००० तुकडे लागतात. दर ४५ दिवसांच्या कापणीत एका वेलाचे पाच तुकडे धरले, तर पावणेतीनशे रोपांपासून तिसऱ्या कापणीला एकराचं बेणं होतं. काही रोपं मरतील हे धरून साडेतीनशे घ्यावीत. हिशेब साडेचार महिन्यांचा, वर रोपं बाहेरच्या हवेला सरावून कणखर करायचे तीन आठवडे. जूनअखेरची लावण हवी असेल तर जानेवारी चुकवून चालत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे. उन्हाळ्यात वेल जळतात, मग जूनमध्ये शेजारच्या बांधावरून मिळेल ते बेणं आणलं जातं आणि रोगही त्याच्याबरोबर येतो. गादीवाफ्यावर ५० टक्के शेडनेट आणि बाजूंनी कीटकरोधक बारीक जाळी लावावी. जाळी नसली तर विषाणू पसरवणारे मावा आणि पांढरी माशी एका हंगामात केलेलं सगळं पाण्यात घालतात. मात्र प्लास्टिकचा बोगदा मेमध्ये नको. आत वाफ कोंडते आणि रोपांची मान कुजते. पाणी थोडं पण रोज, सकाळी. पानांवर पिवळे ठिपके, जांभळ्या कडा किंवा आकसलेली पानं दिसली की तो वेल मुळासकट उपटायचा. इथे हात आखडला की संपलं. बांधावरची बेशरम आणि गारवेल रताळ्याच्याच कुळातली, तीही काढावी.

लावणीला शेंड्याकडचे २० ते ३० सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत. पानांसकट दोन दिवस सावलीत ठेवून लावले की मुळं लवकर फुटतात. पावसाने दडी मारली तर फरक इथेच कळतो. निरोगी तुकडा पानं टिकवून मुळं सोडतो, रोगट तुकडा तिथेच थिजतो. एक सर आली की सावरतो तो पहिलाच.

पण बेण्याने होत नाही अशा दोन गोष्टी आहेत. लावणीनंतरच्या पहिल्या चाळीसेक दिवसांत सरीत पाणी तुंबलं, तर मुळं फुगत नाहीत, पेन्सिलीएवढी राहतात. वरंबा फूटभर उंच हवा. दुसरी गोष्ट कंद पोखरणारा सोंड्या भुंगा. ताण पडून जमीन भेगाळली की तो भेगांतून कंदापर्यंत जातो, बेणं कितीही शुद्ध असो. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात मातीची भर द्यावी, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर भुंगे ओढणारे) लावावेत. युरिया सढळ दिला तर वेल रानभर पसरतो आणि खाली कंद नावालाच सापडतात. विषाणूमुक्त वेल मुळातच जोमदार असल्याने ही चूक जास्त महागात पडते.

वाण निवडताना नवलाई बघू नका. केरळातल्या श्रीकार्यमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचं नारिंगी गराचं भू सोना छान आहे, पण नवरात्राच्या बाजारात व्यापारी पांढऱ्या गराचंच मागत असेल तर कोकण अश्विनीसारखे आपल्याकडचे वाणही पाहावेत.

काढणीच्या शेतातले वेल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. उघड्यावर चार महिने राहिलेले ते वेल आता विषाणूमुक्त धरता येत नाहीत. जाळीतला एक वाफा राखून ठेवा, पुढचं बेणं तिथूनच घ्या.