फोनवरचे डॉक्टर की दारातल्या आशाताई?
कोरोनात रुग्णांपर्यंत पोचायला आरोग्य केंद्राच्या टीमपुढे दोन वाटा होत्या. एप्रिल २०२० पासून ई-संजीवनी या फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेची ओपीडी घरबसल्या मिळू लागली. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू ठेवायला ती उत्तम. पण गगनबावड्याच्या वाडीवस्तीवर रेंज येते-जाते, आणि म्हातारी माणसं फोनवर "बरं हाय" म्हणून मोकळी होतात.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली नि आशाताई दारात उभ्या राहिल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा घसरलेला दिसला की लगेच वर कळवायचं. धाप न लागताही कोरोनात ऑक्सिजन उतरतो, हे नुसत्या आवाजावरून कळणार कसं? आशांवर भार मात्र फार पडला. मानधन वाढायलाच हवं. साठीपुढच्यांसाठी मी आधी दारातली भेटच निवडेन, फोन पाठपुराव्याला.